चोखोबांची समाधी आणि सहाशे नऊ वर्षे



वारीच्या वाटेवर पाय दुखू लागले की बोलणे घरच्या गोष्टींवर येते. कुणाची जमीन भावाने बळकावलेली असते, कुणाला सावकाराने नागवलेले असते. मग एक प्रश्न हमखास निघतो : ज्याने लुबाडले त्याचा वाडा उभा राहिला, आम्ही माळ घालून काय मिळवले? तुम्हीही हे कधीतरी विठुरायाला विचारले असेल. विचारले असेल तर संकोच नको. आपल्या संप्रदायात हा प्रश्न चोखोबांच्या घरात विचारला गेला आहे, आणि तोही दबक्या आवाजात नव्हे.

चोखोबा मंगळवेढ्याचे. नामदेवराय त्यांचे गुरू. जन्माने महार, म्हणून देवळात पाऊल टाकायची बंदी. देवाचा हार चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला, बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली, पण बैल जागचे हलले नाहीत, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ऐकताना मन सुखावते. देव धावला, अन्याय तिथल्या तिथे मोडला!

पण पुढे काय झाले? मंगळवेढ्याचे गावकूस बांधायला त्यांना वेठीस धरले. शके १२६०, म्हणजे १३३८ साली, ते कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. बैल थांबले होते, दगड थांबले नाहीत. आपण इथून घाईने पुढे सरकतो आणि नामदेवरायांनी विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकून चोखोबांच्या अस्थी कशा ओळखल्या, ते सांगू लागतो. प्रसंग गोडच आहे. पण त्या ढिगात ज्यांची नावेही उरली नाहीत अशांच्या अस्थीही होत्या, आणि वेठीस धरणाऱ्यांना कुणी जाब विचारल्याचे आपल्या कथेत कुठेच येत नाही. ते आपापल्या घरी मानाने जगले असतील.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. त्याने देवालाच धारेवर धरले : असा जन्म आम्हाला दिलास कशाला? सोयराबाईंनीही आपले दुःख झाकले नाही. त्यांचे अभंग आपल्या संप्रदायाने टाकून दिले नाहीत, जपले. मला हे फार मोलाचे वाटते. भांडण कुणाशी मांडतो आपण? ज्याच्या दारी दाद लागेल असे आत कुठेतरी वाटते, त्याच्याशीच ना?

नामदेवरायांनी त्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढच्या शतकांत जे आत गेले, आणि ज्यांनी इतरांना आत जाऊ दिले नाही, ते सगळे चोखोबांच्या समोरूनच गेले. चोखोबांच्या जातभाईंची वारी मात्र त्या समाधीपाशी संपे. तिथे डोके टेकायचे, कळसाकडे पाहायचे, मागे फिरायचे. 'देव उशिरा का होईना, न्याय देतो' असे कुणी सहज म्हणाले की मला हे परत फिरणारे लोक आठवतात. किती पिढ्या गेल्या त्यात!

१९४७ साली साने गुरुजींनी हे दार उघडावे म्हणून हट्ट धरला. आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली, आणि १ मेला पंढरपुरातच उपोषणाला बसले. विरोध जोरात होता, गांधीजींनाही हे उपोषण पटले नव्हते. गुरुजींना जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. एका वारकऱ्याचा मठ, हे विसरू नका. मंदिर खुले होणार असे ठरल्यावर १० मेला उपोषण सुटले. इथे बैल अडले नाहीत, आकाशवाणी झाली नाही. एका माणसाने अन्न सोडले, दुसऱ्याने मठाचे दार उघडले. माझ्या मते बैल थांबवणारा तोच हात इथेही होता. तुम्हाला तसे वाटते का, ते तुम्हीच विठोबासमोर उभे राहून ठरवा.

येत्या आषाढीला नामदेव पायरीवर डोके टेकाल, तेव्हा एकदा मागे वळून चोखोबांच्या समाधीपाशी थांबा. गर्दी रेटत असेल, तरी घटकाभर उभे राहा. तिथून महाद्वार किती पावलांवर आहे ते पाहा. तेवढी पावले टाकायला चोखोबांच्या माणसांना सहाशे नऊ वर्षे लागली.