वाचनालयाचे दार आणि संगणकाची खिडकी

आज आपल्या घराघरांत मोबाईल आहे. पण ज्याच्या घरी संगणक नाही, त्याने इंटरनेट कुठे पाहावे? अमेरिकेत याचे एक उत्तर मिळाले, ते म्हणजे सार्वजनिक वाचनालय. मात्र त्याआधी वाचनालयाचे दारच सर्वांसाठी उघडावे लागले. तो इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे.

व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया शहरात वाचनालय चाले नगराच्या पैशावर, पण कृष्णवर्णीयांना तिथे कार्ड मिळत नसे. २१ ऑगस्ट १९३९ रोजी, सॅम्युअल टकर या कृष्णवर्णीय वकिलाच्या योजनेप्रमाणे, पाच तरुण एकेक करून आत गेले. कार्ड मागितले, नकार मिळाला. मग प्रत्येकाने एकेक पुस्तक घेतले आणि मुकाट्याने वाचत बसला. गुन्हा काय, तर एवढाच! पोलिसांनी पाचही जणांना पकडून नेले. पुढच्या वर्षी शहराने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान वाचनालय काढले. टकर यांनी तिथले कार्ड घ्यायला साफ नकार दिला. ज्यांच्या घरी १९२७ च्या चवदार तळ्याची कथा सांगितली जाते, त्यांना या नकाराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दार उघडले, पुढे संगणक आला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यामुळे तेथील शाळा व वाचनालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत ठरली; गरीब वस्तीला जास्त. पण लहान मुले भलतेच काही पाहतील, ही काळजी आईबापांना होतीच, आणि ती खोटी नव्हती. २००० साली कायदा झाला की इंटरनेटसाठी सरकारी मदत हवी असेल, तर संगणकावर फिल्टर, म्हणजे अश्लील चित्रे अडवणारी चाळणी, बसवावी. ग्रंथपालांच्या संघटनेने दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, ही चाळणी कचऱ्याबरोबर धान्यही अडवते. आरोग्याची उपयुक्त माहितीसुद्धा बंद होते. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा कायम ठेवला. प्रौढ वाचकाने सांगितल्यास ग्रंथपाल चाळणी काढू शकतो, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला.

पण विचार करा, आजाराची माहिती शोधणाऱ्या बाईने चारचौघांत जाऊन, "माझ्यासाठी हे उघडा" असे म्हणायचे कसे? ज्याच्या घरी संगणक आहे त्याला हा संकोच नाही. तो गरिबाच्याच वाट्याला येतो.

म्हणून आपल्या अभ्यासिकेत संगणक ठेवाल, तेव्हा नियम जरूर करा. वेळ ठरवा, रांग पाळा, दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नका, उठताना आपले खाते बंद करा. मुलांजवळ मोठ्यांनी बसावे. मात्र एक ध्यानात ठेवा : नियम सर्वांची पाळी यावी म्हणून असतात, कुणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हे.