निवडक इस्ट्रोजेन-ग्राही औषधे

निवडक इस्ट्रोजेन-ग्राही औषधे : इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहींना चिकटून शरीराच्या एका भागात त्याचे काम अडवणारी आणि दुसऱ्या भागात तेच काम स्वतः करणारी औषधे. वैद्यक व्यवहारात त्यांना ‘सर्म’ म्हणतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बायकांपर्यंत ती मुख्यतः तीन वाटांनी पोचतात : शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रमातली ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी, स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन आणि दिवस राहावेत म्हणून दिले जाणारे क्लोमिफिन. कामे इतकी वेगळी की ही औषधे एकाच घराण्यातली आहेत हे घेणारीला सहसा कोणी सांगत नाही.

ग्राही म्हणजे पेशीतले एक प्रथिन. इस्ट्रोजेन त्यात बसले की प्रथिनाची घडी बदलते, ते जनुकांपाशी चिकटते आणि साहाय्यक प्रथिनांच्या मदतीने काही जनुके चालू करते. घडी बदलताना प्रथिनाच्या टोकाजवळचा बारावा सर्पिल तुकडा निर्णायक ठरतो. इस्ट्रोजेन आत असताना तो खाचेवर झाकणासारखा बसतो आणि साहाय्यक प्रथिनांना जागा मोकळी मिळते. टॅमॉक्सिफेन किंवा हाडांसाठीचे रॅलॉक्सिफिन यांच्या रेणूची लांब शाखा मध्ये आली की झाकण लागत नाही. तो तुकडा सरकून नेमकी साहाय्यकांचीच जागा अडवतो. स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासातून हे चित्र १९९७-९८ मध्ये स्पष्ट झाले.

मात्र जनुके चालू करण्यासाठी ग्राहीला आणखी एक जागा असते आणि ती या झाकणावर अवलंबून नसते. गर्भाशयाच्या अस्तरात साहाय्यक प्रथिनांचा साठा मोठा असल्याने टॅमॉक्सिफेन बसलेला ग्राहीही तिथे कामाला लागतो; स्तनाच्या पेशीत तो गप्प राहतो. शिवाय ग्राहीचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार आहेत (बीटाचा शोध १९९६ मधला) आणि त्यांचे प्रमाण अवयवागणिक बदलते. म्हणून एखादे औषध ‘इस्ट्रोजेनविरोधी’ आहे असे अवयवाचे नाव न घेता म्हणणे अपुरे, आणि कधी कधी धोक्याचेही.

टॅमॉक्सिफेन १९६२ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी तयार केले. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. पण स्त्रियांमध्ये त्याने उलट बीजनिर्मितीला चालना दिली आणि पुढे ते कर्करोगाचे औषध झाले. त्याच दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद यांच्या गटाने सेंटक्रोमन, म्हणजेच ऑर्मेलॉक्सिफिन, बनवले. ते गर्भनिरोधक म्हणूनच यशस्वी ठरले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते ‘सहेली’ नावाने बाजारात आले आणि आता शासनाच्या कार्यक्रमात ‘छाया’ नावाने मोफत मिळते. 

छाया बीजकोषाला हात लावत नाही. बीज दर महिन्याला सुटतच राहते. ती गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ देत नाही, त्यामुळे अस्तर आणि गर्भ यांची वेळ जुळत नाही व गर्भ रुजत नाही. नेहमीच्या गोळ्यांतली संप्रेरके तिच्यात नसल्याने अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पाळी कमी जाते, हा रक्त कमी असलेल्या बाईला फायदाच. पहिली ३० मिलिग्रॅमची गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. सात दिवसांहून जास्त खंड पडला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. खानदेशातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा नियम महत्त्वाचा आहे : निघण्यापूर्वीच पुढच्या महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्यायला हव्यात. पाळी लांबणे हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे; मात्र पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर गर्भचाचणी करावी. कावीळ झालेल्या किंवा बीजकोषात गाठी असलेल्या बाईला ही गोळी देत नाहीत.

टॅमॉक्सिफेनचा उपयोग गाठीत इस्ट्रोजेनचे ग्राही सापडले तरच होतो. म्हणून तुकडा तपासल्याच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ आहे का, हे आधी पाहतात. पाच वर्षे रोज घेतल्यास अशा रोगातील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या १५ वर्षांत सुमारे एक-तृतीयांशाने घटते. शस्त्रक्रिया परळच्या टाटा रुग्णालयात झालेली असो वा धुळे-जळगावात, ही पाच वर्षे घरीच काढायची असतात, आणि दुखणे उरले नाही म्हणून गोळी सोडणे हा तिथला खरा धोका. ही गोळी महागही नाही.

तीच गोळी रजोनिवृत्तीनंतर हाडांना इस्ट्रोजेनसारखा आधार देते. पाळी चालू असलेल्या बाईच्या हाडांची घनता मात्र कमी करू शकते. गर्भाशयात ती अस्तर वाढवते, आणि पन्नाशीनंतर तिथल्या कर्करोगाची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. एकूण संख्या लहानच राहते, म्हणून फायदा मोठा ठरतो. रक्ताच्या गाठीही होऊ शकतात. यकृतात तिचे एंडॉक्सिफेन हे प्रभावी रूप तयार होते. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची औषधे त्यात अडथळा आणतात.

रॅलॉक्सिफिन (मान्यता १९९७) हाडांना बळ देते आणि गर्भाशयाला चेतवत नाही. मणक्याची मोडतोड त्याने घटते, खुब्याची घटल्याचे दिसलेले नाही. क्लोमिफिन मेंदूतले ग्राही अडवते. इस्ट्रोजेन कमी आहे असे समजून मेंदू बीजकोषाला चालना देतो. पण तेच औषध अस्तर पातळ आणि गर्भाशयग्रीवेचा स्राव घट्ट करते, त्यामुळे बीज सुटूनही दिवस राहतीलच असे नाही. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे लेट्रोझोल मात्र या घराण्यातले नव्हे : ते ग्राहीला न धरता इस्ट्रोजेनची निर्मितीच कमी करते, म्हणून कर्करोगासाठी दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर थोडेही अंगावरून गेले तर तिने ते उष्णतेवर ढकलू नये. गोळी मनाने बंद न करता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे आणि कोणती गोळी चालू आहे ते तिथे आवर्जून सांगावे.