शब्दवेध : किण्व आणि विकर

पेशीतील रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनांना मराठी पाठ्यपुस्तके ‘विकर’ म्हणतात, तर बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात शेजारीच नांदणारी कन्नड ‘किण्व’ म्हणते. हा शब्द मूळ संस्कृत असून कौटिलीय अर्थशास्त्रात तो मद्य आंबवण्याच्या द्रव्यासाठी येतो आणि मराठीत तो ‘किण्वना’तही दिसतो. विल्हेल्म क्यूने यांनी घडवलेल्या ‘एन्झाइम’ या इंग्रजी पर्यायाचा ग्रीक अर्थही ‘यीस्टमधील’ असाच असल्याने कन्नड पर्याय, खरे तर, अधिक नेमका ठरतो. १८३३ मध्ये सापडलेल्या ‘डायस्टेज’ या विकराच्या नावातला ‘एज’ हा प्रत्यय पुढे डीएनएची तुटलेली साखळी सांधणाऱ्या लायगेजला लागला, तसाच १९५६ मध्ये आर्थर कोर्नबर्ग यांनी शोधलेल्या पॉलिमरेजलाही. डीएनएची प्रत काढणारे म्हणून गाजलेले हे विकर जिवाणूत मुख्यतः डागडुजीचे काम करते, हे मात्र नंतर उमगले.