टाकीवरचा रंग, पोटातला गंज

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. मित्रहो, या धाग्यात एका निराळ्या साधनाकडे पाहू : पाणबुड्याच्या पाठीवरची टाकी.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. श्वासागणिक हवा सोडणाऱ्या त्यातील झडपेविषयी पुष्कळ लिहिले गेले. टाकी मात्र उपेक्षितच राहिली, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

युद्धोत्तर अमेरिकेत ७२ घनफुटी पोलादी टाकी रूढ झाली. तिच्यातील दाब चौरस इंचास २,२५० पौंड, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दीडशे पट. साऱ्या अनर्थाचे मूळ इथे आहे. हवा दीडशे पट कोंबली की पोलादाला भिडणारा प्राणवायूही तितकाच दाट होतो. त्यात खाऱ्या पाण्याचे चार थेंब शिरले की गंज झपाट्याने चढतो. गंज चढणे म्हणजे लोखंडाने प्राणवायू गिळणे. ओलसर टाकी महिनोन्महिने भरून ठेवली, तर आतली हवा प्राणघातक ठरू शकते. तिला रंग नाही, वास नाही. आणि उरलेल्या नायट्रोजनमुळे दाबमापकाचा काटा टाकी जवळजवळ भरलेलीच दाखवतो.

बाहेरून उपाय सोपा होता : जस्ताचा मुलामा. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि पोलाद राखते. रंगाला ही विद्या अवगत नाही. त्याच्याखाली गंज निमूटपणे पसरतो. म्हणूनच जुनी टाकी नव्याने रंगवण्यापूर्वी जुना थर पूर्ण उतरवून धातूतील खड्डे तपासावे लागतात.

आतल्या बाजूसाठी १९६० च्या दशकात इपॉक्सीचे अस्तर आले. कल्पना आपल्या कल्हईसारखीच. पण कल्हई उडाली तर गृहिणीला लगेच दिसते. अस्तराला सुईएवढे छिद्र पडले तर ओल त्याखाली शिरे आणि वरून सारे गुळगुळीतच दिसे. रक्षणासाठी दिलेला थर गंजाचा आडोसा ठरला. पुढे ही अस्तरे काढून टाकावी लागली : टाकीत खरखरीत खडे भरून ती तासन्‌तास गरगर फिरवत.

१९७० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या टाक्या पसरल्या. त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आपोआप धरतो, त्यामुळे गंजाची भीती ओसरली. पण रंगकामात नवा धोका आला. कॉस्टिक सोड्याने रंग काढू जावे, तर तो धातूच खातो. भट्टीत भाजून पक्का होणारा रंग द्यावा, तर सुमारे १७५ अंश सेल्सियसपलीकडे या मिश्रधातूचे बळ घटते. टाकी नव्यासारखी चकाकते, परंतु भरताना फुटू शकते.

आता अभ्यासकाच्या कामाची गोष्ट. टाकीच्या खांद्यावर ठसे असतात. ‘आयसीसी’ ही अक्षरे अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाची. १९६७ मध्ये हा कारभार नव्या वाहतूक खात्याकडे गेला आणि पुढे ‘डीओटी’ हा ठसा आला. दर पाच वर्षांच्या जलदाब चाचणीचा महिना आणि साल त्याच खांद्यावर एकापुढे एक कोरले जाते. रंग खरवडताना हे ठसे पुसले गेले, तर त्या टाकीची पुन्हा चाचणी होत नाही.