अनिवार लैंगिक वर्तनविकार
लैंगिक आवेगांवर दीर्घकाळ ताबा न राहणे, हे मुख्य लक्षण असलेला मनोविकार. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) त्याचा समावेश केला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत मात्र तो नाही. वर्तन सहा महिने वा अधिक टिकते, प्रकृती, संसार व कामाची आबाळ होते, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसतात आणि समाधान मिळेनासे झाले तरी कृती सुटत नाही. निदान पुरुषांत अधिक होते. स्त्रियांना बदनामीची धास्ती उपचारापासून दूर ठेवते.

तीव्र कामेच्छा, हस्तमैथुन किंवा केवळ नीतिकल्पनांतून आलेली अपराधी भावना म्हणजे हा आजार नव्हे. हा भेद कळणे फार गरजेचे आहे. लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिकतेविषयीच्या अशाच निराधार भयाशी व अपराधभावनेशी झुंज दिली आणि त्यापायी खटले सोसले. उन्मादावस्थेमुळे किंवा कंपवातावरील काही औषधांमुळेही अनिवार लैंगिक वर्तन उद्भवते. म्हणून ही कारणे आधी तपासावी लागतात.

उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार व गरजेनुसार औषधे येतात. लिंबागणेश (जि. बीड) परिसरातील स्त्री-पुरुषांना उपचारांसाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे; शिवाय ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.