सात जूनचा जबाब

न्याय्य खटला म्हणजे काय, हा आजचा विषय. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा मी एकाच खटल्याचा इतिहास तुमच्यापुढे मांडतो. तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे.

५ जून २००३ची रात्र. नाशिक जिल्ह्यात शेतावर झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पैसे-दागिने गेले ते गेलेच, पण पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. या गुन्ह्यात पुढे सहा जणांवर खटला चालला. सगळे भटक्या जमातींतले, मोलमजुरी करणारे, अतिशय गरीब.

आता कोर्टाची पायरी-पायरी बघा. २००६मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ३० एप्रिल २००९ रोजी आरोपींची अपिलं फेटाळली गेली, सरकारचं अपील मान्य झालं आणि पुन्हा सहाही जणांना फाशी. ज्या तिघांची जन्मठेप फाशीवर नेली, त्यांना शिक्षावाढीविरुद्ध बाजू मांडायची संधीच मिळाली नव्हती.

इथे थोडं मागे जायला हवं. फाशी कधी द्यायची, याची कसोटी १९८०च्या बच्चनसिंग निकालानं घालून दिली होती. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द आपण ऐकतो ते तिथले. त्या निकालाचं म्हणणं असं, की गुन्हा किती भीषण आहे हे तर बघाच, पण गुन्हा करणारा माणूसही बघा: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. पण १९९५मध्ये राजस्थानातल्या रावजी नावाच्या कैद्याच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठानं उलट सांगितलं: गुन्ह्याचं स्वरूप महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे. आपल्या सहा जणांच्या २००९च्या निकालात याच रावजी निकालाचा आधार घेतला गेला. आणि अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठानं बरियार खटल्यात जाहीर केलं, की रावजी निकाल बच्चनसिंगशी विसंगत आहे, तो आधाराला घेता येत नाही. तेरा दिवस!

२०१२मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं, की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करा. त्यात हे सहा होते. त्याच वर्षी सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आतला होता, हे सिद्ध झालं. म्हणजे अल्पवयीन मुलगा फाशीच्या कोठडीत वर्षं काढून मोठा झाला होता.

पण गंमत बघा, इथवर वाद होता तो शिक्षेचा. हेच ते लोक का, हा प्रश्न मागेच पडला होता. फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन अर्जावर खुल्या न्यायालयात सुनावणी झालीच पाहिजे, असा नियम २०१४मध्ये झाला. ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचा २००९चा निकाल मागे घेतला, अपिलं पुन्हा उभी राहिली. तेव्हा सगळा पुरावा नव्यानं तपासला गेला, आणि एक कागद मध्यभागी आला.

तो कागद ७ जून २००३चा. वाचलेल्या त्या आईनं घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या आल्बममधून चार जणांना ओळखलं होतं. दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाबही झाला होता. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता. त्या चौघांचा धड तपास झाला नाही, आणि सरकार पक्षानं तो जबाब दडवून ठेवला.

५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकारनं प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, असा आदेश दिला. ही रक्कम सोळा वर्षांत वाटली तर दिवसाला ९० रुपयेही पडत नाहीत.

मला यातून एक गोष्ट ठळक दिसते. गुन्हा किती भयंकर आहे, यावरून तो कुणी केला हे कळत नाही. उलट गुन्हा जितका भयंकर, तितकी कुणाला तरी पकडायची घाई जास्त. न्याय्य खटल्याचे नियम, म्हणजे पुरावा न दडवणं, आरोपीचं ऐकून घेणं, चांगला वकील मिळणं, हे सगळे ‘कोणी केलं’ या प्रश्नाची राखण करतात. आपल्याकडे म्हणतात, हे नियम आरोपीचे लाड आहेत, पीडितांचं काय? पण दडवलेला जबाब कुणाचा होता? त्या आईचाच ना! तिचं घर उजाडलं, आणि तिनं सांगितलेलंही बाजूला टाकलं गेलं. तिला न्याय आजही मिळालेला नाही.

कुणी म्हणेल, शेवटी चूक सुधारलीच की! सुधारली, कारण सहाही जण जिवंत होते. रावजीला १९९६मध्येच फाशी झाली. त्यानं गुन्हा केला होता की नाही, हा इथे मुद्दा नाही. पण ज्या तर्कानं त्याचा जीव घेतला तो चुकीचा होता, हे न्यायालयानं २००९मध्ये मान्य केलं, तेव्हा ज्याचं प्रकरण पुन्हा उघडावं असा माणूसच उरला नव्हता.

फाशी असावी की नसावी, यावर आपल्यात मतभेद असतील, असू द्या. पण ती हवी म्हणणाऱ्यानं सात जूनच्या त्या जबाबाचं काय करायचं, याचं उत्तर दिलं पाहिजे. एवढं बोलून मी थांबतो. आता आपल्या प्रश्नांकडे वळू.