फुटलेली सीडी आणि शाबूत हक्क

आमच्या डीटीपीच्या खोलीतली मराठी अक्षरजुळणीची सीडी २००२ च्या सप्टेंबरात फुटली. मधल्या भोकाजवळ केसाएवढी चीर होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. बावन्न पट वेगाच्या नव्या ड्राइव्हमध्ये घातली, ड्राइव्ह घोंगावू लागला आणि आतून काच तडकल्यासारखा आवाज आला. ट्रे उघडला तर तुकडे बाहेर पडले. हार्ड डिस्क आदल्याच दिवशी बदललेली, दोन दिवाळी अंकांची पाने हातात, आणि मशीनवर मराठीचे एक अक्षर उमटेना.

सॉफ्टवेअर आमच्या पैशाचे होते. पावती होती, नोंदणीचे कार्ड होते. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात खोचलेले हार्डवेअर लॉकही जागेवर होते. हे लॉक नसेल तर ते सॉफ्टवेअर चालतच नसे. म्हणजे आमच्या मालकीचा पुरावाच तो. कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले : डिस्कची ९० दिवसांची हमी संपली, ती आवृत्ती आता निघत नाही, नवी घ्या. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका व्यवसायबंधूने त्याच्याकडची तीच सीडी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवली. ती घातली, लॉकने आम्हाला ओळखले आणि रात्री काम सुरू झाले.

ही चोरी होती का? मी वकील नाही, संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण हा प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि गेली वीस वर्षे सवडीने त्याचा माग काढतो आहे.

मुळात सॉफ्टवेअर ही विकायची वेगळी वस्तू नव्हती. संगणक बनवणाऱ्या कंपन्या ते यंत्रासोबतच देत. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअरचा भाव वेगळा लावण्याची घोषणा केली आणि तिथून हा व्यापार फोफावला. पुढे छोटे संगणक आले, फ्लॉपी आली. सुरुवातीची माहितीपुस्तके गिऱ्हाइकाला बजावत असत की आधी प्रत काढा, मूळ डिस्क कपाटात ठेवा, प्रतीवर काम करा. फ्लॉपीचा भरवसा किती, हे बनवणाऱ्यालाच पक्के ठाऊक. आपल्याकडे तर पावसाळ्यात तिला बुरशी लागे आणि एका बुरसटलेल्या फ्लॉपीने ड्राइव्हचे हेड खराब केले की त्यापाठोपाठ घातलेल्या चांगल्या फ्लॉप्याही जात.

मग कंपन्यांना नकलांची धास्ती पडली. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ला सुरू होताना मूळ डिस्कच ड्राइव्हमध्ये लागे; साध्या नकलेवर ते चालत नसे. खोक्यात एक जादा डिस्क मात्र दिलेली असे. डिस्क मरते हे मान्य, पण ती किती वेळा मरेल हे कंपनी ठरवणार.

या भांडणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा खटला म्हणजे ‘व्हॉल्ट विरुद्ध क्वेड’. व्हॉल्ट ही कंपनी अशा फ्लॉप्या बनवी की ज्यांच्यावर पुसता न येणारी एक खूण असे. ती खूण नकलेत उतरत नसे, त्यामुळे नक्कल चालत नसे. क्वेड या कॅनडातल्या कंपनीने ही अडचण चुकवणारा प्रोग्राम विकायला काढला. अमेरिकी कायद्यात १९८० सालीच कलम ११७ आले होते : प्रोग्रामच्या प्रतीच्या मालकाला जपणुकीसाठी प्रत काढता येते. व्हॉल्टचा युक्तिवाद असा, की ही सवलत फक्त यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडापासून रक्षणासाठी आहे. १९८८ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. माणसाच्या हातून होणारी चूक, वस्तूची मोडतोड, असे सगळे धोके त्या सवलतीत येतात, असा निर्णय दिला. आमच्या भोकाजवळच्या चिरेची सोय कुणीतरी आधीच लावून ठेवली होती, असे तो निकाल प्रथम वाचताना वाटले.

पण आपण भारतात राहतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणकाचे प्रोग्राम त्यात ‘साहित्यकृती’ म्हणून आले १९८४ साली. (कादंबरी आणि हिशेबाचा प्रोग्राम एका पंक्तीला बसले, याची आमच्या साहित्यसंमेलनांनी दखल घेतल्याचे दिसत नाही!) १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि कलम ५२ मध्ये दोन गोष्टी मिळाल्या. कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्राम वापरण्यासाठी लागेल ती प्रत करता येते. आणि हानी, नाश किंवा नुकसान यांपासून निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रतही काढता येते. याच दुरुस्तीने ६३ब हे कलमही आणले : बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी ७ दिवसांची कैद. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. आमचा तर व्यवसायच होता.

खरी गोम एका शब्दात आहे. प्रत काढायची ती ‘त्या प्रतीवरून’, म्हणजे स्वतःजवळच्या प्रतीवरून. सीडी धड असताना तपकीर गल्लीतून कोरी सीडी आणून मी नक्कल करून ठेवली असती, तर कायदा माझ्या पाठीशी होता. ती फुटल्यावर मित्राच्या सीडीवरून तेच सॉफ्टवेअर, तेच लॉक लावून घातले, तर शब्दशः वाचता कायदा गप्प बसतो. हक्क अपघाताच्या आधी आहे. अपघातानंतर काय, हे लिहिलेलेच नाही.

मग मी विकत काय घेतले होते? ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात म्हटले, की डिस्कवर घालून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. विकताना माल आणि परवान्याच्या कागदावर मात्र केवळ वापरण्याची परवानगी. परवानगी असेल, तर डिस्क फुटल्याने ती संपायचे कारण नव्हते. माल असेल, तर मित्राची सीडी मागून आणण्यात गैर काय? विक्रेत्याने दोन्ही उत्तरे आपल्याकडे ठेवली आणि वेळेला सोयीचे ते काढले, असे माझे मत.

परदेशात हा गुंता अधिक वाढला. अमेरिकेत एरिक लुंडग्रेन या ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्या माणसाने जुन्या संगणकांत विंडोज पुन्हा घालण्याच्या २८ हजार डिस्क चीनमध्ये बनवून घेतल्या, डेलच्या लेबलाची नक्कल करून. लेबलाची नक्कल हा गुन्हाच. त्याने तो कबूलही केला. माझे लक्ष किमतीकडे आहे. त्या डिस्कसोबत परवाना नव्हता, तरी न्यायालयाने एकेकीचे मोल २५ डॉलर धरले, एकूण ७ लाख. २०१८ मध्ये अपिलात १५ महिन्यांची कैद कायम झाली.

युरोपच्या न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१६ ला लाटव्हियातील एका प्रकरणात, मूळ डिस्क खराब झाली म्हणून बॅकअप प्रत दुसऱ्याला विकता येणार नाही, असे ठरवले. मात्र डिस्क फुटली एवढ्याच कारणाने कायमचा परवाना घेतलेल्याचा पुनर्विक्रीचा हक्क बुडू नये, त्याला कंपनीच्या संकेतस्थळावरून प्रोग्राम उतरवून घेता आला पाहिजे, असेही सांगितले. अपघातानंतरचा विचार केलेले एवढेच काय ते माझ्या वाचनात आले.

आमच्याकडे तोवर उशीर झाला होता. त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची अक्षरांची सांकेतिक जुळणी वेगळी. युनिकोड रुळण्याआधीची ती फाइल मूळ फॉन्टशिवाय उघडली, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता चिवडा दिसतो. मित्राची सीडी पुढे ओरखड्यांनी गेली. टूथपेस्टने घासूनही पाहिली, पण ओरखडे लेबलाच्या बाजूने होते आणि माहितीचा थर त्याच बाजूला असतो. लॉक अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते खोचायचे पोर्ट नव्या संगणकांना नसते.

गेल्या उन्हाळ्यात एका दिवंगत लेखिकेच्या मुलीने १९९९ च्या अंकातली आईची दीर्घकथा मागितली. फाइल सापडली, उघडलीही, पण वाचता येईना. अंकाची एकच प्रत मिळाली, कडांना कसर लागलेली. तिच्यावरून पुन्हा टाइप करतो आहे. एकतीसपैकी बावीस पाने झाली.